राज्य एकच निवडायचं

१० ऑगस्ट, रवि.
अण्णा नगरच्या क्लासला आजही सगळा तास 'अ फ्यू' आणि 'फ्यू'. 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत, 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. एवढंसं 'अ' गेलं की माणसं गायब! त्यात इंग्रजी शिकवतात तमिळमधून. बाकीच्या पोरी हसल्या, मीही हसले, कशाला ते कळलं नाही. बँकेच्या परीक्षेची ही शेवटची संधी, पुढच्या वर्षी वयात बसत नाही.

१३ ऑगस्ट, बुध.
क्लास सोडला. वेस्ट मांबलमला राव सरांकडे जायला लागले. तंजावरकडचे मराठी, इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर. त्यांचं मराठी म्हणजे पोथी वाचता वाचता मधेच तमिळ बातम्या. पद्धतही विचित्र. प्रत्येक वाक्य आधी तमिळमध्ये, मग मराठीत, मग इंग्रजीत म्हणायचं. माझं तमिळ भाजीवालीपुरतं. 'निरय' म्हणजे पुष्कळ, तांदूळही निरय, माणसंही निरय. आपलंही तसंच. इंग्रजांनाच काय नडलं होतं मच आणि मेनी वेगळं करायला!

१८ ऑगस्ट, सोम.
फॉर्म भरायचाय. राज्य एकच निवडायचं. महाराष्ट्र टाकलं तर नोकरी तिकडे. तमिळनाडू टाकलं तर इथलं, आवडी गावातलं फॅक्टरीचं क्वार्टर सुटणार नाही, पण पुढे तमिळ वाचून-लिहून दाखवावं लागेल. आई फोनवर, "भुसावळला ये गं, इथे काय बँका नाहीत?"
नि. फॅक्टरीतून आल्यावर विचारलं. तर म्हणे, "तुला हवं ते टाक." लग्नाला दोन वर्षं झाली, या माणसाचं हेच. अरे, तुला काय हवंय ते बोल ना! चिडून पोळ्या जाड लाटल्या, त्याही मुकाट्याने खाल्ल्या.

२१ ऑगस्ट, गुरु.
आज शेवटची तारीख. सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "तुला कुठं राहायचंय, अम्मा?" म्हटलं, नवरा असेल तिथे. "मग मला काय विचारतेस?"
तमिळनाडू टाकलं. नि.ला इतक्यात सांगणार नाही. तमिळ लिहायला आलं की दाखवेन, तोंड बघायचंय त्याचं.

५ सप्टें., शुक्र.
'ईच ऑफ द बॉइज'. पोरं ढीगभर, क्रियापद मात्र एकाचं. सराव पेपरात पुन्हा तेच चुकलं. तमिळ अक्षरं गिरवते ती वेगळीच, सगळी जिलबीसारखी. डोक्याचा पार भुगा झालाय.
नि. हल्ली सारखा फोनवर. मी आले की गॅलरीत जातो. काय चाललंय कळेना.

१९ सप्टें., शुक्र.
नि. पेढे घेऊन आला. "म्युच्युअल बदली मिळाली!" भुसावळच्या फॅक्टरीत एक तमिळ माणूस आहे, त्याची आई इथे आवडी गावात एकटी. तो नि.च्या जागी येणार, नि. त्याच्या जागी जाणार. दोघांचे अर्ज कधीच गेले होते, आज मंजुरी.
"तुझी इथे घुसमट होते ना. म्हटलं, आधी होऊ दे, मग सांगू."
माझ्या तोंडात पेढा तसाच. कसंबसं सांगितलं, तमिळनाडू टाकलंय.
"बदलता येत नाही?"
"नाही."
दोघंही हसत सुटलो. मग मी रडले. मूर्ख आहोत, दोघंही.

२१ सप्टें., रवि.
त्या माणसाचा फोन आला. आईला सांगून बसलाय, ती रोज विचारते, कधी येतोस. नि.ने फोन ठेवला आणि म्हणाला, "तू म्हणशील तर रद्द करतो." पुन्हा माझ्यावरच! म्हटलं, आज तू बोलल्याशिवाय मी उठणार नाही. त्याने फोन बंद करून बाजूला ठेवला. मग, "मला इथेच आवडतं. पहिल्यापासून."
आत्ता बोलतोय! इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं.
पण त्या बाईच्या मुलाला काय सांगायचं?

४ ऑक्टो., शनि.
पेपर झाला. बरा गेला की वाईट, देव जाणे. मच-मेनी जमलं असावं. बाहेर नि. इडलीचा डबा घेऊन उभा. परवा त्याला बदलीच्या कागदावर सही करायचीय, करायची की नाही ते अजून ठरत नाहीये.
पास झाले तर नोकरी इथे, आणि कदाचित मी एकटी. नापास झाले तर त्याच्याबरोबर कुठेही, पण बिननोकरीची. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. काय मागायचं तेच सुचेना, नुसती हात जोडून उभी राहिले.