आई म्हणजे पीक नव्हे

४ ऑगस्ट, सोमवार
नागपूरच्या आयुक्तांकडून अपिलाचा निकाल. फेटाळले. बाबा गेल्यापासून त्यांची भरमार बंदूक ठाण्यात जमा आहे. परवाना माझ्या नावावर होणार नाही. कारण : 'अर्जदाराच्या जिवीतास धोका नाही.' 'जीवितास' पाहिजे. लाल पेनने दुरुस्त केलं. आईच्या मांडीला रानडुकराने केलेली जखम अजून भरलेली नाही.

६ ऑगस्ट
हिंगणघाट. वकीलसाहेबांनी बाबांचा जुना परवाना अन् माझा अर्ज शेजारी ठेवले.
"बाबाच्या परवान्यात पीकसंरक्षण आहे. तू स्वसंरक्षण काऊन लिहिलं बे?"
म्हटलं, डुकराने आईला पाडलं, पऱ्हाटीच्या पिकाला नाही.
"डुकरासाठी पीकसंरक्षणच लिहितेत. स्वसंरक्षणाले माणूस दुश्मन लागते."
शुद्धलेखन बरोबर, शब्दच चुकला.

७ ऑगस्ट
दहावी नापास, पण नागरिकशास्त्राचं पुस्तक जपून ठेवलंय. जीविताचा हक्क त्यात आहे. पुस्तक घेऊन परत गेलो. विचारलं, घटनेतला हक्क आयुक्ताले कमी करता येते का?
"बंदुकीचा हक्क घटनेत असला तर कमी करतीन ना, बाबू! तो अमेरिकेत. आपल्याकडे नुसता परवाना."
म्हटलं, बंदुकीचा नका लिहू. आईच्या जिवाचा लिहा. सरकारने डुक्कर आवरावं, नाहीतर...
"हरशीन. पीकसंरक्षणाचा नवा अर्ज कर, मिळून जाईन."

१० ऑगस्ट, रविवार
आईला सगळं सांगितलं. निंदणाला निघाली होती, हातात काठी, पाय ओढत.
"मंग मले पीकच समज अन् लिहून टाक."
शेजारची काकू हसली. मी नाही.

१३ ऑगस्ट
आईच्या जिवाच्या याचिकेसाठी हायकोर्टाच्या वकालतनाम्यावर सही केली. सही नीट आली. हरलो तरी आईच्या जिवाला धोका नाही, हे कोर्टाला लिहून द्यावं लागेल. लिहू दे. निदान शुद्ध लिहितील.

२६ ऑगस्ट
नागपूर. न्यायमूर्तींनी विचारलं, "पिकासाठी अर्ज का करत नाही?" वकीलसाहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो.
"साहेब, आई पीक नाही."
शिपायाने दंड धरून बसवलं. सरकारला उत्तर द्यायला मुदत मिळाली. पुढची तारीख लागेल तेव्हा.
बाहेर वकीलसाहेब म्हणाले, "तोंड उघडू नोको म्हटलं होतं ना!" मग चहा पाजला.
घरी आलो तर आई काठी घेऊन शेतात गेलेली.
नवा अर्जही भरून ठेवलाय. उद्देशाची जागा तेवढी कोरी.