दसऱ्याला धुतलेल्या गाड्या

आबा, मी तुमच्यावर चिडलेय, आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली म्हणून राग आवरता घ्यावा असं मला अजिबात वाटत नाही. ज्या डेअरीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही हेडमिस्त्री होता, तिथंच, बारामतीत, आता दुधाच्या बावीस टेम्पोंची जबाबदारी माझ्यावर आहे. मला टेबल आहे, संगणक आहे, डोक्यावर पंखा आहे. तुमच्याकडे एक स्टूल होतं आणि तोंड होतं. त्या तोंडाच्या जोरावर तुम्ही गाड्या पंधरा-पंधरा वर्षं पळवल्यात, हे मान्य. पण कशा पळवल्यात ते कधी धड सांगितलं का? मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा इतरांच्या वडिलांनी घड्याळं दिली. तुम्ही टायरची हवा मोजायचं मीटर दिलंत, तेही वापरलेलं, आणि वर एक शब्द नाही.

एक दुपार मला लख्ख आठवते. मी तुमचा डबा घेऊन आलेय. इंदापूरच्या फेरीचा ड्रायव्हर रजेवर आहे, त्याची गाडी सावलीत उभी आहे आणि दुसरा एक जण तिची किल्ली मागतोय. तुम्ही स्टुलावरून उठतही नाही. “ती त्याची हाय. तुझी तुला दिलीय न्हवं?” तो म्हणतो, “आबा, गाडी म्हंजी काय बायको हाय व्हय?” तुम्ही म्हणता, “बायको बरी, ती बोलून तरी दाखवती. गाडी बोलत न्हाय, एकदम बसती.” मला हसू फुटतं, तर तुम्ही माझ्यावरच खेकसता, “दात काय काढतीस? डबा ठिव आन जा घरी.” मी गेले. वाटेत ठरवूनही टाकलं, की आमचा म्हातारा हट्टी आहे, दुसरं काही नाही.

म्हणूनच इथं आल्यावर मी पहिली सुधारणा काय केली असेल? ज्याला जी मोकळी असेल ती गाडी. रोजचा तक्ता संगणक काढणार. साहेब खूश, मी त्याहून खूश. शिवाय रोज सकाळी भरायचा एक कागद काढला: ऑइल पाहिलं, पाणी पाहिलं, हवा पाहिली. सगळे भरत होते. इतके मन लावून भरत होते, की ज्या टेम्पोची स्टेपनी महिन्यापूर्वी चोरीला गेली होती, त्याच्याही कागदावर ‘स्टेपनी ठीक’ समोर रोज बरोबरची खूण. मी कपाळावर हात मारून घेतला, पण तक्ता काही बदलला नाही. तुमचाच हट्ट, दुसऱ्या दिशेनं.

मग दसरा आला. पूजेसाठी गाड्या चकचकीत हव्यात म्हणून पोरांनी बॉनेट उघडून इंजिनावरच प्रेशरच्या पाइपानं पाणी मारलं. वर झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवशी सात टेम्पो चालूच होईनात. वायरिंगच्या जोडांत पाणी शिरलेलं. कळंबचं आणि सांगवीचं दूध संकलन केंद्रावर उन्हात नासलं. साहेबांनी बोलावून सांगितलं, की पुढच्या दसऱ्यापर्यंत हे सुधारलं नाही, तर सगळ्या गाड्या विकायच्या, ठेकेदाराच्या आणायच्या आणि ड्रायव्हरांना घरी बसवायचं.

तुमच्या वेळचे एकच ड्रायव्हरकाका आता इथं उरलेत, त्यांच्यावर मी जाऊन ओरडले. म्हटलं, आबांच्या वेळी अशा धूत होतात का? काका शांतपणे म्हणाले, “आबा वल्या फडक्यानं पुसाय लावायचं. लई शिव्या घालायचो त्यास्नी मागनं. पर पुसायचो, कारन गाडी आपली हुती. आता कुनाची हाय ती, ताई? आज ही, उद्या ती. वाजती तर वाजू दे, उद्या दुसऱ्याच्या बुडाखाली वाजंल.”

एवढं एक वाक्य, आबा. त्या दुपारी तुम्ही हे बोलला असता तर तुमचं काय बिघडलं असतं? मी तिथंच उभी राहून तुमच्यावर मनातल्या मनात ओरडत होते, आणि रडूही येत होतं.

मी तक्ता फाडला. एक गाडी, एक माणूस. तो रजेवर गेला तर गाडीही रजेवर, आणि त्याच्या फेरीसाठी बावीसांतलेच दोन टेम्पो जादाचे म्हणून राखले. पहिले दोन महिने सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. नंतर एक जण सुप्याच्या फेरीवरून आला तो रागावूनच, “ताई, माझ्या गाडीचा क्लच जड लागतोय, आत्ता बघा.” ‘माझ्या’ म्हणाला. त्या दिवशी मी दोन कप चहा जास्त प्यायले.

यंदाचा दसरा होऊन आठवडा झाला. बावीसच्या बावीस गाड्या चालू आहेत, एकही माणूस घरी गेला नाही. काल साहेबांनी सगळ्यांना बोलावून माझं कौतुक केलं आणि विचारलं, “मॅडम, हे शिकलात कुठं?”

काका दाराशीच उभे होते. माझ्याकडे बघून हसत होते, उत्तर त्यांना माहीत होतं ना. आणि मला एकदम वाटलं, ‘वडिलांकडून’ म्हटलं तर मी पुन्हा मिस्त्रीची पोरगी होईन. मी म्हणाले, पुण्याला एक कोर्स केला होता, तिथं. काकांनी मान खाली घातली आणि ते बाहेर गेले.

कोर्स दोन दिवसांचा होता, आबा. दुसऱ्या दिवशी तर मी गेलेही नव्हते.