बैलांमागं मोटार

३ नोव्हेंबर १९७०
परवा भाऊबीजेला दादानं ओवाळणीत मोटार घातली. इथं काष्टीच्या मळ्यात बाभळीखाली तीन वर्षं उभी. इंजिन बंद, आत कोंबड्या. म्हणाला, "नेशील तर तुझी. पौर्णिमेच्या आत ने, न्हाईतर भंगारवाला येतोय." नेणारच! आमच्या कोल्हारहून शिर्डीला माणसं भरून न्यायची. डोक्यात दुसरं काही न्हाई.

५ नोव्हें.
ट्रकवाल्याचं भाडं ऐकलं नि उठूनच आले. ट्रॅक्टरवाला निम्म्यात येतो, पण जाता-येता डिझेल आपलं. मला न्यायला आलेल्या ह्यांचं एकच, "इथंच विक, पातळं घे." पातळात बसून शिर्डीला कोण जातं?

७ नोव्हें., शनिवार
काम झालं!! बैलबाजारात ऊसतोडीची टोळी भेटली. नवे बैल घेऊन आमच्याच बाजूच्या कारखान्याला निघालेली. मुकादमाला गाठलं. "जाताच हाय ना? मोटार बांधा मागं."
"मावशी, बैलानं मोटार?"
"नांगर ओढतो, हिला तर चाकं हायत."
इर्जिकीसारखं ठरलं. बैल त्यांचे, जेवण माझं. पोचल्यावर पुरणपोळी.

८ नोव्हें.
निघालो. दादानं चाकांत हवा भरली, टोळीच्या टायरगाडीमागं मोटेच्या नाड्यानं मोटार बांधली. स्टेरिंगवर मी. हे मागं, पिठाचा डबा मांडीवर. गावंच्या गावं बघायला. एक म्हातारा म्हणे, "वरात कुनाची? नवरी कुठं हाय?" म्हटलं, "स्टेरिंगवर!"

९ नोव्हें.
नगरच्या अलीकडं उतार. नाडा सैल पडला, मोटार पळाली, गाडीवर आदळली. बैल बुजले. हे मागून "ब्रेक, ब्रेक!" कुठला ब्रेक, गंजलेला. चूक आमचीच. बैलांनी जन्मभर नांगर ओढले, नांगर कधी मागून अंगावर येत न्हाई. बैलाला लागलं न्हाई, नशीब.
मुकादम म्हणाला, हितंच सोडतो. मी म्हटलं, आधी जेव. तो जेवतोय तोवर नाडा सोडला, बाभळीचा वासा गाडी नि मोटारीच्या मधे करकचून बांधला. आता मोटार पुढं सरकून धडकत न्हाई. उतार आला की चार गडी मागून दोर धरतात. मुकादमानं वासा हलवून बघितला. मग म्हणाला, "चला."

११ नोव्हें.
राहुरी मागं पडली. हात भरून आलेत. ह्यांनी आज आपणहून काच पुसली.

१२ नोव्हें.
दारात!!! पौर्णिमा उद्या. पोळ्या खाऊन टोळी कारखान्यावर गेली. मेस्त्री सकाळी येतो. हे म्हणतात, इंजिन न्हाईच चालू झालं तर?
शेजारची गंगूबाई दार उघडून आत बसलीसुद्धा. "येत्या गुरवारी शिर्डीला न्हेतीस का?" "न्हेते की," बोलून बसले.
मुकादमाला निरोप धाडलाय. गुरवारी बैल मोकळे हायत का.