अकरा गाड्या, नंबर माझा

३ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीचं पत्र आलं. दीड पान! 'इंजिनाच्या कार्यक्षमतेत संभाव्य व्यत्यय.' तीनदा वाचलं, काही कळलं तर शपथ. शेवटी वर्कशॉपमध्ये उस्तादांना वाचून दाखवलं. आमचे हेड मेकॅनिक, तीस वर्षं मोटरसायकली उघडतायत. म्हणाले, "ऑईल पंपाचं गिअर प्लास्टिकचं टाकलंय गाढवांनी. ते तुटणार, ऑईल वर चढणार नाही, इंजिन जाम. मागचं चाक जागच्या जागी थांबणार. माणूस मात्र पुढे जाणार."

दीड पानाचा मजकूर दोन दमांत. कंपनीने पत्रं लिहायला या माणसाला ठेवावं.

आमच्या शोरूमने विकलेल्या दोनशे सात गाड्या यादीत आहेत. प्रत्येकाला कळवायचं — गाडी चालवू नका, आम्ही घेऊन येतो, पंप फुकट बदलून देतो. कळवणार कोण? मॅनेजर म्हणाले, "सर्व्हिस काउंटरच्या मॅडम." जसं काही इथे चार-पाच मॅडम आहेत!

४ नोव्हेंबर

बारा वाजायच्या आत कंपनीने सगळ्या मालकांना एकदम मेसेज सोडला. आणि माझी पर्स थरथरायला लागली. एक, दोन, तीन... अकरा! 'प्रिय ग्राहक, आपल्या मोटरसायकलबाबत महत्त्वाची सूचना.' माझ्याकडे मोटरसायकल नाही. एक सायकल आहे, तिची घंटा सोडून सगळं वाजतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या कॉम्प्युटरमध्ये मोबाईल नंबरचे दहा आकडे टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, नंबर बदलतोय, नंतर देतो. मागे रांग, मॅनेजर मानेवर बसलेले. मग मी माझाच नंबर ठोकते. कामावर लागले तेव्हा जुन्या बाईंनीच शिकवलं होतं — "घोडं अडलं की स्वतःचा टाक, नंतर बदलू." ते 'नंतर' आजपर्यंत आलेलं नाही.

मेसेजखाली बटण — 'माहिती मिळाली'. ते दाबेपर्यंत दर अर्ध्या तासाने पुन्हा मेसेज येणार, असंही खाली लिहिलेलं. अकराही ठिकाणी दाबून टाकलं. फोन गप्प झाला. चहा घेतला.

६ नोव्हेंबर

कालपासून एकशे चाळीस फोन! घसा बसला. लोक म्हणजे एकेक नग —

"फुकट? मग नक्कीच काहीतरी लफडं आहे."

"गाडी विकली हो. कोणाला? एका माणसाला." धन्यवाद साहेब, मला वाटलं घोड्याला विकली.

"माझी तर मस्त चालते." अहो, सगळ्यांचीच मस्त चालते, जाम होईपर्यंत!

एक म्हणाला, "बोला मॅडम, गाडीवरच आहे." मी अशी किंचाळले, की शोरूममध्ये गाडी बघायला आलेलं जोडपं न बघताच निघून गेलं. मॅनेजरनी डोळे वटारले. वटारू देत.

सगळ्यांना तेच घोकतेय. हँडलखाली चॅसिस नंबर असतो तो वाचून दाखवा. जुनी घेतली असली तरी हक्क तुमचाच, पहिला मालक लागत नाही. ऑईलचा लाल दिवा लागला की थांबा. चालता चालता इंजिन अडकलं तर आधी क्लच दाबा, म्हणजे चाक सुटतं. हे शेवटचं पत्रात नाही, उस्तादांचं आहे.

८ नोव्हेंबर

त्या अकरांबद्दल मॅनेजरना सांगितलेलं नाही. सांगितलं तर खरडपट्टी काढतील. त्या अकरांना फोन करायचा म्हणजे स्वतःलाच करायचा! पत्ते उतरवून घेतलेत. सुटल्यावर सायकलवरून एकेकाचं दार ठोठावायचं. आज तीन झाले. एका आजोबांनी मला विमा एजंट समजून कुत्रं सोडलं. कुत्रंही आजोबांच्याच वयाचं, फाटकापर्यंत येऊन बसलं.

१० नोव्हेंबर

सहा झाले. मांड्या भरून आल्यात. आई म्हणते, "एवढी सायकल नवरा शोधायला फिरवली असतीस तर!"

१३ नोव्हेंबर

दहा झाले! दहाच्या दहा गाड्या वर्कशॉपमध्ये. उस्ताद विचारतात, "ही माणसं अचानक कुठून उगवली?" मी म्हटलं, जमिनीतून.

राहिला एक. रंगारी.

तो चांगला आठवतो. गाडी घ्यायला आला तेव्हा एक बाही कोपरापर्यंत पांढरी. "काल फोन डिस्टेंपरच्या डब्यात पडला, मॅडम. काढायला गेलो तर मीच रंगलो." स्वतःच खो-खो हसला. "नवा घेतला की नंबर आणून देतो." मीही हसले आणि माझे दहा आकडे टाकले.

पत्त्यावर गेले तर खोली सोडून आठ महिने झाले. घरमालकीण म्हणाली, "जाताना स्वतःच्या हाताने भिंती रंगवून गेला. असा भाडेकरू परत मिळायचा नाही." भिंती मलाही दाखवल्या. खरंच सुरेख होत्या. मला भिंत नको होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रंगाच्या दुकानदाराने सुगावा दिला — पुलापलीकडे डोळ्यांच्या दवाखान्याची इमारत रंगवतोय. पोचले तेव्हा सव्वासहा. परांची रिकामी, अर्धी इमारत निळी, अर्धी जुनीच. वॉचमन म्हणाला, "आत्ताच गेला की! सोमवारी येईल. घर मागच्या वस्तीत, पाण्याच्या टाकीपाशी. विचारा कोणालाही."

अंधारून आलं होतं. पुलाचा चढ पुन्हा चढायचा होता. म्हटलं, उद्या जाऊ.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. दहा वाजेपर्यंत झोपले. आईने पाय चेपून दिले. म्हणाली, "एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?" दुपारी परत झोपले. छान झोप लागली.

१७ नोव्हेंबर

कामावर जायच्या आधी दवाखान्यापाशी गेले. परांचीवर दुसराच माणूस. म्हणाला, "तो? काल संध्याकाळी पुलाच्या उतारावर गाडी एकदम थांबली. हा उडाला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, कंबरही. जिवंत आहे."

मी सायकल धरून तिथेच उभी राहिले. तो वरून म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, रंग उडतोय."

१८ नोव्हेंबर

गाडी टेम्पोतून शोरूमवर आली. उस्तादांनी इंजिन उघडलं. गिअरचे तीन तुकडे तळहातावर घेतले. म्हणाले, "क्लच दाबला असता तर कदाचित वाचला असता पाय. पण त्याला सांगणार कोण?"

मी कप विसळायला गेले. विसळलेलेच परत विसळले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅनेजर सकाळपासून खुशीत. कंपनीचं पत्र आलं. रंगाऱ्याच्या अपघाताबद्दल. या खेपेला पाव पान, आणि सगळं स्वच्छ समजतं! 'सदर ग्राहकास दि. ४ नोव्हेंबर रोजी सूचना मिळाली व त्यांनी ती मिळाल्याचे कळवले. त्यानंतरही वाहन वापरल्याने कंपनीवर जबाबदारी येत नाही.' सोबत छापील पुरावा. अकरा बावन्नला मेसेज पोचला, अकरा चौपन्नला बटण दाबलं.

म्हणजे मी दाबलं. चहाच्या आधी.

मॅनेजर म्हणाले, "सुटलो! कंपनी सुटली, आपण सुटलो." मग त्यांचं बोट त्या दहा आकड्यांवर थांबलं. हा नंबर ते रोज दहादा लावतात. माझ्याकडे बघितलं. कागद उलटा ठेवला. "मॅडम, हा नंबर कोणाचा, हे मी विचारलेलं नाही. आणि तुम्ही सांगितलेलं नाही."

नंतर सगळ्यांसाठी बिस्किटं मागवली. मी दोन खाल्ली. लाज वाटते, पण खाल्ली.

२२ नोव्हेंबर

कारणं शोधतेय. कॉम्प्युटरच तसा. जुन्या बाईंनीच शिकवलं. गिअर काय मी बनवलं? नोकरी गेली तर आईच्या गोळ्या कोण आणणार? सगळी कारणं खरी आहेत. एकही उपयोगाचं नाही.

रंगाऱ्याच्या कागदावर कायमचं लिहिलं जाणार — याला सांगितलं होतं, यानेच ऐकलं नाही. पायाचा खर्च त्याचाच आणि मूर्खही तोच.

२३ नोव्हेंबर, रविवार

आईला सगळं सांगितलं. लिहून देणार आहे, तेही. आधी तिने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "अक्षर नीट काढ. तुझं म्हणजे कोंबडीचे पाय."

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन प्रती लिहिल्या. तो नंबर माझा. बटण मी दाबलं. त्याला कोणीही काही कळवलेलं नाही. अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत, शनिवारपर्यंत, कुठे कुठे शोधलं, तेही लिहिलं. खाली सही. एक प्रत मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." बरं म्हटलं.

दुसरी घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेले. रंगाऱ्याच्या बायकोने दारातच उभं राहून वाचली. सावकाश, सगळी. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि रविवारी?"

"घरी होते," मी म्हटलं. "झोपले होते."

तिने कागदाची घडी घातली, आत नेला आणि दार लावून घेतलं.