भानुमतीबाईंचा नियम

६ जुलै १९५३

कचेरीबरोबर यंदा आम्हीही इंदूरला आलो आणि मला हे गाव पाहताक्षणी आवडलं. मध्यभारत सरकारचा कारभार मोठा मजेशीर आहे. उन्हाळा-पावसाळा इंदूर, हिवाळा ग्वाल्हेर. फायलींची खोकी रेल्वेत चढली की मागोमाग कारकून चढतात आणि कारकुनांच्या मागोमाग त्यांची बायकापोरं. अण्णा म्हणतात, आपण सरकारी सामान. आई या सामानपणाला वैतागली आहे. मी मात्र खूश, कारण ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या शाळेत जीवशास्त्र नव्हतंच आणि इथे आहे. मला डॉक्टर व्हायचंय. हे मी सगळ्यांना सांगते, कोणी विचारलं नाही तरी.

आज वर्ग पाहिला. भिंतीला काचेची कपाटं आणि त्यांत सांगाडे: बेडूक, कबूतर, ससा, मांजर. सगळे मुलींनीच केलेले. शिकवायला भानुमतीबाई. उंच, पांढरं पातळ, हातांना स्पिरिटचा वास. आल्याआल्या त्यांनी आपला नियम सांगितला. प्रत्येकीने आपला प्राणी पाळायचा, आपल्या हाताने भरवायचा, मग आपल्याच हाताने मारायचा आणि हाडं साफ करून तारेने जोडायची. मेलेला जीव विकत आणून काही शिकता येत नाही, म्हणाल्या. मुली एकमेकींची तोंडं बघत बसल्या. मी हात वर करून विचारलं, सुरुवात कधी?

घरी सांगितलं तर आईने कानांवर हात ठेवले. मग हळूच म्हणाली की गेल्या वर्षी आपली कुमुदिनीही याच शाळेत होती. कुमुदिनी लष्करला आमच्या शेजारची. लहानपणी चिंचेवरून पडून तिचा डावा हात मोडला आणि वाकडाच जुळला. लग्न जमणं कठीण, म्हणून शिकवत होते. वडील कचेरीबरोबर ग्वाल्हेरला परतले तेव्हा ती इथे बाईंच्याच घरी राहिली, आणि हिवाळ्यात एकाएकी पळून गेली. मानपुरला एका ट्रकमध्ये दिसली म्हणे, मुंबईकडे जाताना. घरच्यांनी शोधलं नाही. कोणी विचारलं की मामाकडे आहे म्हणतात आणि विषय बदलतात.

९ ऑगस्ट

बेडूक झाला. मानेमागे सुई टोचायची, मणक्यात उतरवायची आणि फिरवायची. पाय एकदा ताणले गेले आणि सैल पडले. पोट उघडलं तरी काळीज आपलं उडतंच होतं. मी बोट लावून पाहिलं. सरोजिनी वर्गाबाहेर जाऊन ओकली, मी घरी येऊन दोन वेळा भात घेतला.

१३ सप्टेंबर

आज ससे. मागचे पाय धरून उलटा टांगायचा, तो क्षणभर गप्प होतो, तेवढ्यात मानेमागे रुळाचा एकच फटका. माझा एका फटक्यात गेला. इतके दिवस याला मी गाजरं भरवली होती, हे मला फटका मारून झाल्यावर आठवलं.

अंबिकाचं मात्र भलतंच झालं. अंबिका बाईंची भाची, आईबाप नाहीत म्हणून त्यांच्याकडेच असते. तिने डोळे मिटूनच रूळ उचलला. पहिला फटका कानावर बसला. ससा ओरडतो हे मला माहीतच नव्हतं. तान्ह्या पोरासारखा ओरडला, हातातून सुटला आणि रक्त सांडत बाकांखालून धावला. अंबिका रूळ टाकून भिंतीला टेकली, तोंडात पदर. शेवटी मीच त्याला पकडून संपवला. बाई तिला म्हणाल्या, हा तुझा धरणार नाही, तुला पुन्हा करावं लागेल, आणि या वेळी मोठा. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मला अंबिकाची कीव यायला हवी होती, पण माझी छाती फुगली होती.

२४ ऑक्टोबर

दसरा झाला, कचेरी निघाली. माझं वर्ष मोडू नये म्हणून मी आता बाईंच्या घरी. आई रडली, कुमुदिनीचं नाव काढलं. अण्णा म्हणाले की पोरगी वाईट निघाली त्यात बाईंचा काय दोष, आणि आपली मंजिरी तशी नाही.

घर पिठाच्या गिरणीच्या वर आहे, दिवसभर घरघर चालू असते. पण बडदास्त विचारू नका! अंबिका मला हातातला घास खाली ठेवू देत नाही. सराफा बाजारातून गराडू कंदाचे तळलेले काप आणते, रबडी आणते, आग्रह करून वाढते. थोडंसं अजून घे ना, तुला मेरी कसम, म्हणते. स्वतः मागाहून जेवते. माझे केसही तीच विंचरते. इंदूरच्या पाहुणचाराबद्दल ऐकलं होतं ते खरंच आहे म्हणायचं. बाई जेवताना समोर बसून बघत असतात, पण कधी स्वतः वाढत नाहीत.

१५ नोव्हेंबर

दिवाळीला घरी गेले नाही, मांजर करायचं राहिलं होतं. मांजर मारणं म्हणजे केवढं पाप, आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही. पोत्यात घालून क्लोरोफॉर्मचा बोळा टाकला, पण बोळा कमी पडला. पोतं फाडून ती माझ्या मनगटाला लटकली. मी तिला फरशीवर आपटलं. पुन्हा आपटलं. ती मेल्यावरही आपटत होते, बाईंनी हात धरला तेव्हा थांबले. बाई रागावल्या नाहीत. हाडं मात्र मोडू नयेत, एवढंच म्हणाल्या.

अंबिका दारात उभी होती. माझ्याकडे अशी बघत होती की मी मान खाली घातली.

२२ नोव्हेंबर

परकराचा नाडा आवळतो. बाईंनी हसून माझा दंड दाबून पाहिला आणि अंबिकाला म्हणाल्या, छान चाललंय तुझं. अंबिका ताट तिथेच ठेवून आत गेली.

शेजारच्या रमाकाकूंनी आज मला गॅलरीतून हटकलं. पोरी, ये सब ठीक नाही बरं का, म्हणाल्या. पोलोग्राउंडच्या कारखान्यातल्या कोण शाम म्हणून पोराशी मी बोलते, असं बाईंनी त्यांना फार दुःखाने सांगितलं. अण्णांनाही कळवलं म्हणे. मी कुठल्या शामला ओळखत नाही. पोलोग्राउंड मी पाहिलेलंसुद्धा नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, लोक काहीही बोलतात.

२६ नोव्हेंबर

वरची मागची खोली नेहमी कुलपात असते. आज उघडी होती. अंबिकाने मुद्दाम उघडी ठेवली का?

चादरीखाली लोखंडी दांडीला टांगलेला माणसाचा सांगाडा. असे सांगाडे कलकत्त्याहून येतात हे मला माहीत आहे. पण मी बाईंची विद्यार्थिनी, बघितल्याशिवाय कशी राहणार? लांब हाडांची टोकं मधल्या भागाशी अजून जुळली नव्हती. म्हणजे वय आमच्याएवढं. कंबरेचं हाड रुंद, म्हणजे मुलगी. डावा हात कोपराखाली मोडून जुळलेला. वाकडा जुळलेला.

कुमुदिनी मुंबईला गेली नाही.

कुमुदिनी इथेच आहे, आणि तिला कोणी शोधलं नाही, कारण लाज वाटली. आता शामचं नाव कशासाठी आहे तेही कळलं. अण्णाही शोधणार नाहीत. मी मामाकडे आहे म्हणतील.

उद्या पहाटेच्या गाडीने पळणार. संशय नको म्हणून नेहमीसारखी जेवले, दूध प्यायले. दूध आज कडू का

शुक्रवार असावा

त्याच खोलीत. बाहेरून कुलूप. जीभ जड झाली आहे— अफू असणार, माळव्यात तिला काय तोटा. खिडकीला फळ्या. दप्तर माझ्याबरोबरच टाकलंय, सामानासकट पळाली असं दिसायला हवं ना.

ओरडले. खाली गिरणी—

बाई दाराशी येऊन बोलल्या. शांतपणे. हाडांवरून वय ओळखलंस, शाबास, म्हणाल्या. मग म्हणाल्या, हा अंबिकाचा प्राणी आहे, तिनेच भरवलाय, तिनेच करायचा. रविवारी.

शनिवार

अंबिकाने ताट आत सरकवलं. मी त्याला शिवलेसुद्धा नाही. मी नावं घेऊन शिव्या दिल्या, तिने एकदा मागे पाहिलं— बाई तिथेच उभ्या होत्या.

कुमुदिनीची दांडी ओढून सोडवली. जड आहे. हाडं जमिनीवर पडली. माफ कर ग—

रविवार, सकाळ

गिरणी बंद. आज ओरडलं तर ऐकू जाईल. पण जिन्यात पावलं— अंबिका. एकटी. फटीतून दिसतंय, हातात काहीतरी चकाकतंय. मी दाराआड—

नंतर

एकच फटका. मानेमागे.

ती ओरडलीसुद्धा नाही. खाली बसली, मग आडवी झाली. मी पुन्हा मारलं. किती वेळा ते नाही माहीत. भिंतीवर— माझ्या तोंडात—

सुरी नव्हती. किल्ली होती. मागच्या जिन्याची. दुसऱ्या हातात माझ्या चपला.

मला सोडवायला आली होती. हिला ससा मारवला नाही, मी स्वतः पाहिलं होतं, आणि तरी मला वाटलं की ही—

अंबिका, ऊठ ना. ऊठ ग.

बाई आल्या. तिच्या गळ्याला दोन बोटं लावली. डोळ्यांत पाणी नाही काही नाही. ती काय आणि तू काय, म्हणाल्या, मला एक हवी होती. तू राहिलीस हे बरं झालं, या कामाचा हात तुझाच आहे. मग खिडकीच्या फळ्यांमधून खाली बघून म्हणाल्या, टांगा आलाय. तुझे वडील. जायचं तर जा, मी अडवत नाही. फक्त हात धुऊन जा.

इथे पाणी नाही.

बाई खाली गेल्या, दार उघडं आहे. अण्णांचा आवाज येतोय. आले! शोधायला आले! मी उगाच त्यांना—

शेजारी ऐकतील म्हणून हळू बोलतायत. बाई सांगतायत, गुरुवारपासून नाही. अण्णा विचारतायत की अजून कोणाला कळलंय का. अण्णा रडतायत. असं रडताना मी त्यांना कधी—

कोपरापर्यंत रक्त आहे. परकराला पुसतेय, निघत नाही.

हाक मारली तर वर येतील. हिला बघतील. मला बघतील. नाही मारली तर—

टांगेवाला घोडा वळवतोय.

अण्णा, थांबा, मी इथे वर— नका येऊ— थांबा, अण्णा, मी