'मेघवाहिनी'ची सात बंद पाकिटं

५ जानेवारी, सकाळी ७.१०
ठरलं. नांदेडच्या टपाल प्रदर्शनात यंदा आपलं कलेक्शन लागणार. विषय: तटरक्षक दलाचं गस्ती जहाज 'मेघवाहिनी', त्याचा टपाल इतिहास आणि कामगिरी. उदगीरहून समुद्र बघायचा म्हणजे रात्रभर बस. तरी असलं काम करणारा रिटायर्ड पोस्टमास्टर सगळ्या मराठवाड्यात दुसरा नाही. गोल्ड मेडल. अगदीच नाही तर सिल्व्हर.
आमचा श्रीशैल त्याच जहाजावर नोकरीला आहे, हा निव्वळ योगायोग.

१२ जानेवारी
सहा महिन्यांत सात पाकिटं. पद्धत सोपी. पाकिटावर माझाच पत्ता, वर तिकीट, आत एक कोरं जाड कार्ड, दुमडू नये म्हणून. हे सगळं जहाजावर श्रीशैलला पाठवायचं, सोबत चिठ्ठी: 'जहाजाचा शिक्का स्वच्छ मारून परत पाठवणे.' बाकी काही लिहीत नाही. श्रीशैल शिक्का मारतो, चिकटवतो, पाठवतो. सातही बंद ठेवलीत. फोडलेल्या पाकिटाला खरा संग्राहक हात लावत नाही.
शेषेराव, आमच्या ऑफिसचा जुना पोस्टमन, चहाला आला होता. म्हणाला, साहेब, पाचवं लई जाड हाय, नुसतं कार्ड न्हाई त्यात, फोडून तर बघा. त्याला समजावलं की समुद्राच्या दमट हवेनं कागद फुगतो. ह्याला फिलाटेलीतलं काय कळतं.

२० जानेवारी
जहाजाच्या कामगिरीचा तक्ता करतोय. कधी स्मगलरांची बोट पकडली, कधी कुणाला वाचवलं, सगळं तारीखवार. फक्त गेल्या मे महिन्याचा दुसरा आठवडा कुठं सापडत नाही. ते पान कोरंच लावणार.
त्याच आठवड्यात आमची नीलाबाई गेली. श्रीशैल आईच्या मातीला आला नाही. दहा दिवसांनी फोन केला. मी सांगितलं, तू माझा कुणी नाहीस, अन् नंबर ब्लॉक केला. चांगलं झालं, कलेक्शनला वेळ मिळतो. दिवाळीत येऊन दोन तास पायरीवर बसला होता म्हणे. मी लातूरला अल्बम आणायला गेलो होतो. न कळवता आलं की असंच होणार.

९ फेब्रुवारी, नांदेड, दुपारी ४
मेडल नाही. सहभागाचं सर्टिफिकेट. परीक्षक देविका मॅडमनी मे महिन्याचं पान कोरं का म्हणून विचारलं. मग पाचवं पाकीट उजेडाकडं धरलं. म्हणाल्या, काका, आत लिहिलेले कागद दिसतायत. मी म्हणालो, कार्ड असेल. त्यांनी पाकीट जागेवर ठेवलं. वशिला असणार कुणाचा तरी.

१० फेब्रुवारी
प्रवासाचा शीण. पाकिटं उद्या बघू.

१३ फेब्रुवारी
फोडली. ब्लेडनं, कडेकडेनं.
पहिल्यात चार पानं. मेच्या त्या आठवड्यात जहाज वादळात होतं. अकरा मच्छीमार पाण्यात. आईची बातमी त्याला जहाज किनाऱ्याला लागल्यावर मिळाली, तोवर माती होऊन गेली होती. दुसऱ्यात, तिसऱ्यात माफी. चौथ्यात: 'अप्पा, दिवाळीला येतोय. बोलू नका पाहिजे तर, पण घरी राहा.' पाचव्यात सहा पानं, आईच्या नावानं लिहिलेली. वर बारीक अक्षरात, 'तिच्या समाधीपाशी वाचून दाखवा.' सहाव्यात दोन ओळी: 'जहाज जानेवारीअखेर सेवेतून निघतंय. माझा नवा पत्ता हवा असेल तर तेवढंच कळवा.'
सातव्यात माझंच कोरं कार्ड.
मी बाप आहे का कोण आहे.

१४ फेब्रुवारी
नंबर अनब्लॉक करून लावला. तो नंबर आता चालू नाही. पत्र लिहिलं, जहाजाच्याच पत्त्यावर. स्पीड पोस्ट. बदली झाली तरी टपाल नव्या पत्त्यावर वळवतात, नियमच आहे. शेषेरावला सांगितलं, आठ दिवसांत उत्तर. पोरगा चिडका आहे, पण मनाचा मऊ आहे.

३ मार्च
पत्र परत आलं. शेरा: जहाज सेवानिवृत्त. शेषेरावनं ते माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं.
तटरक्षकच्या ऑफिसात फोन केला. पत्ता देत नाहीत, निरोप देतात. निरोप सांगितला: अप्पांनी सगळी पत्रं वाचली, घरी ये. क्लार्कनं लिहून घेतला, परत वाचून दाखवला. काम झालं. पाडव्याला येईल. मागची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं.

१७ मार्च, सकाळी ११.२०
तटरक्षकच्या ऑफिसातून फोन आला. निरोप दिला म्हणाले. मी विचारलं, मग काय म्हणाला. काही नाही म्हणाले. ऐकून घेतलं अन् ड्युटीवर गेला.