बसून बघितल्याशिवाय मशीन घेऊ नये

परतूर,
९ ऑगस्ट २०२५

चि. यशश्रीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि कानात एकदम खडखड सुरू झाली. शहागडला आमची आई दुपारी पायमशीनवर बसायची, त्याची. मी तिच्या पायाशी पुस्तक धरून कविता म्हणायचो आणि आई नकळत माझ्या चालीवर पाय मारायची. बाही वाकडी झाली की दोष कवीला.

त्यामुळं तू घरगुती शिलाई मशिनींची वेबसाइट काढलीस हे मला बिलकुल परकं वाटलं नाही. कुणाला कोणती मशीन बरी ते तू लिहायचं, वाचणाऱ्यानं तुझ्या पानावरच्या लिंकवरून ती मागवली की कंपनीनं तुला वाटा द्यायचा. म्हणजे आपल्या मोंढ्यातली अडतच की, फक्त पोत्यांशिवाय!

तुझ्या बाबाला हे पटत नाही, असं आजीला फोनवर कळलंय. दिवाळीपर्यंत साइट चालली तर ठीक, नाहीतर पुण्याला बँकेच्या परीक्षेचा क्लास, असं बजावलंय म्हणे. मुकुंद लहानपणापासून गणिताचाच. माझा मुलगा असून कवितेच्या तासाला खिडकीबाहेर बघायचा.

तू मागितलेला लेख सोबत आहे. जन्मभर मराठी शिकवलं, पण मशीनवर निबंध हा पहिलाच. खाली माझा फोन नंबर घाल, कुणाला शंका असतील तर विचारू देत. चुका काढ, उपमा मात्र काढू नको.

आशीर्वाद घरचेच आहेत, ते पळून जात नाहीत. उत्तराची तेवढी घाई कर.

तुझा आजोबा,
सोमेश्वर

—

मस्तगड, जालना,
२८ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

लेख टाकला. सुई म्हणजे खाली मान घालून गृहपाठ करणारी मुलगी, हे वाचून आई इतकी हसली की दूध उतू गेलं. लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचून राह्यलेत. माझं कुणी निम्मंही वाचत नव्हतं, तेव्हा थोडा रागही आलाय तुमचा.

पण एक कोडं पडलंय. लिंकला कुणी हात लावत नाही. आधी अधूनमधून एखादी मशीन जायची, तुमचा लेख आल्यापासून तीही बंद! बाबा रोज जेवताना विचारतात की आज किती मीटर शिवलं. मी पोळी गिळते आणि ताट उचलते. दिवाळीनंतर मला खरंच पुण्याला पाठवतील हो. मला इथंच राहून हेच करायचंय.

बाया तुम्हाला फोन करतात ना? त्या काय विचारतात आणि तुम्ही काय सांगता, तेवढं कळवा. आजीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
यशश्री

—

परतूर,
४ सप्टेंबर २०२५

चि. यशश्रीस,
अ. उ. आ.

कोडं सुटलं. कोडं मीच आहे.

फोन बराबर येतात. अंबडहून येतात, घनसावंगीहून येतात. मी प्रत्येकीला सांगतो, की बाई, बसून बघितल्याशिवाय मशीन घेऊ नये. आपल्याकडं रीतच आहे ना! बाईनं घरचं कापड घेऊन दुकानात जायचं, मशीनवर बसायचं, एक शिवण मारायची, मंग भावाचं बोलायचं. वर मी आपल्या स्टेशनरोडच्या बद्रीनाथचं दुकानही सुचवतो, तो चहा पाजतो म्हणून. त्या जातात, बसतात आणि बसल्यावर तिथंच घेऊन टाकतात.

काल बद्रीनाथनं मला रस्त्यात गाठून पेढे दिले, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आजीनं विचारलं, की नातीला पुण्याला धाडून हे पेढे गिळवतात तरी कसे. दोन तिनंही खाल्ले, ते सोड.

तू म्हणशील तर उद्यापासून मुकाट्यानं लिंकच सांगतो. पण पोरी, जीभ वळेल असं वाटत नाही.

रागावलीस तरी पत्रातच रागाव, फोनवर रागाचं मला ऐकू कमी येतं.

तुझा अपराधी आजोबा,
सोमेश्वर

—

मस्तगड, जालना,
२६ सप्टेंबर २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले. आजीच्या दोन पेढ्यांशी आले तेव्हा हसू फुटलं.

जीभ वळवू नका. तुमचंच बोलणं मी नव्या पानावर मांडलंय. मशीन दुकानात बसूनच घ्या, कापड घरचं न्या, जाड शिवण मारून बघा, असं सगळं. आणि त्याखाली, गावच्या दुकानात सहसा न मिळणाऱ्या वस्तू: जीन्सच्या सुया आणि सुईखाली बसवायचे पाय, एक पिकोचा, एक चेन लावायचा. लिंका आता त्यांच्या आहेत. यातून मला वाटा मिळतो, हेही स्वच्छ लिहिलंय. आजोबा, लोक मागवून राह्यलेत! बारीकसारीकच, पण रोज. मशीन बद्रीनाथकाकांची, बाकीचं माझं.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले की सुयांवर कुणाचं घर चालतं का. पुण्याच्या आत्याला खोली रिकामी करायला सांगितलंय त्यांनी.

तुम्ही बोला ना त्यांच्याशी. दुसऱ्या कुणाचं ते ऐकायचे न्हाईत.

तुमची,
यशश्री

—

परतूर,
७ ऑक्टोबर २०२५

चि. यशश्रीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण शब्द जुळवत बसलो होतो. मुकुंदला काय सांगायचं ते अगदी चालीत बसवलं, फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बापलेकांत कविता चालत नाही, हे मास्तरला उतारवयात कळलं.

आता ठरवलंय, की दिवाळीत त्याला समोर बसवून साध्या गद्यात सांगायचं. पोरीनं कुणाला फसवलेलं नाही. हातचं गिऱ्हाईक दुकानात धाडून ती स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली. तिला आणखी एक वर्ष

थांब, दार वाजतंय. या वेळी कोण ते बघून येतो.

अगं, मुकुंद आलाय! ऑफिसच्या दिवशी, न कळवता. सोबत त्याच्या ऑफिसातले राधेश्याम आहेत. ते उंबऱ्यातूनच मला वाकून नमस्कार करून सांगू लागले, की त्यांच्या घरी तुझं पान वाचूनच मशीन आल्ती आणि परवा डबा खाताना त्यांनी त्या पानाचं कौतुक केलं. तर मुकुंद ताडकन उठून सगळ्या ऑफिसला ओरडून म्हणाला, की ती माझी मुलगी आहे. राधेश्यामांना लेख लिहिणारा म्हातारा बघायचा होता, म्हणून दोघांनी रजा टाकली.

मुकुंद चपला काढायला फार वेळ लावून राह्यलाय. आजीनं तेवढ्यात पुण्याच्या खोलीचं विचारलं. तो मान खाली घालूनच म्हणाला, की पोरगी तिकडं गेल्यावर पान वाचणाऱ्या बायांना कोणत्या कापडाला कोणती सुई ते सांगणार कोण.

तुझा,
आजोबा